शब्द आधीचे, मरण मागाहूनचे : धार-देवासच्या गाण्यांतील मृत्यू

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला बहुधा इतिहासाच्या पुस्तकात भेटतात. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर माळव्यात गेलेल्या पवार घराण्याने धारला एक आणि देवासला दोन गाद्या स्थापन केल्या. देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात शेजारी शेजारी नांदल्या. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ मध्ये धारच्याच किल्ल्यात झाला. राजसत्तेचा हा इतिहास १९४८ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणाबरोबर संपला.

याच परिसराला गाण्याचाही एक इतिहास आहे आणि त्यात मृत्यूविषयीच्या गाण्यांना मोठे स्थान आहे. भोजराजावरील शोकश्लोकाची कथा धारची, राणी रूपमतीच्या नावावर सांगितली जाणारी विरहपदे धार जिल्ह्यातील मांडूची आणि कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने देवासची. या तिन्हींत शतकांचे अंतर आहे. भाषाही निरनिराळ्या आहेत. तरीही त्यांच्यात एक धागा समान दिसतो. मृत्यूचे गाणे म्हणून जे शब्द पुढे ऐकले गेले, ते प्रथम उच्चारले गेले तेव्हा ज्याच्यासाठी ते ऐकायचे तो माणूस हयात होता. शब्द आधी आले. मरण मागाहून आले आणि त्या शब्दांत जाऊन बसले.

विलापिकेची रूढ वाट

शोकगीताचा सर्वपरिचित क्रम याच्या उलट आहे. आधी कोणी जाते, मग मागे राहिलेला बोलतो. मराठीत या रीतीचे सर्वांत जुने आणि हृदयस्पर्शी उदाहरण संत नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत आढळते. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानेश्वरांनी संजीवन समाधी घेतली. त्या प्रसंगी जमलेले संत, निवृत्तिनाथांचा सुटलेला धीर, मागे राहिलेल्या भावंडांचे पोरकेपण हे सारे त्या अभंगांत येते. ज्ञानी म्हणून ओळखला जाणारा थोरला भाऊही तेथे रडतो, याचा संकोच त्या रचनांना वाटत नाही.

आधुनिक काळात विलापिका हा काव्यप्रकार इंग्रजी काव्याच्या परिचयातून मराठीत रुजला. रामगणेश गडकरी यांनी ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिलेली ‘राजहंस माझा निजला’ ही कविता पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली गेली. तिच्यातील आई मृत बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे आणि तो झोपला आहे असेच ती सर्वांना सांगते. दुःख इतके मोठे आहे की ते मान्य करण्याचीही शक्ती तिच्यात उरलेली नाही.

या दोन्ही उदाहरणांत गेलेला माणूस निश्चित आहे. त्याला नाव आहे, नाते आहे. धार-देवासच्या परंपरेत मात्र ही निश्चिती नसते आणि तीच तिची ताकद ठरते.

धार : जिवंत राजाचा मृत्युलेख

परमार वंशातील राजा भोज याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सुमारे १०१० ते १०५५ या काळात, माळव्यावर राज्य केले. धारानगरी ही त्याची राजधानी होती. ‘शृंगारप्रकाश’, ‘सरस्वतीकंठाभरण’, ‘समरांगणसूत्रधार’ असे साहित्यशास्त्रापासून वास्तुशास्त्रापर्यंतचे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. विद्वानांचा आश्रयदाता म्हणून त्याची कीर्ती इतकी पसरली की पुढील शतकांत त्याच्याभोवती आख्यायिकांचे दाट रान वाढले. सोळाव्या शतकातील बल्लाळाचा ‘भोजप्रबंध’ हा अशा आख्यायिकांचा प्रसिद्ध संग्रह होय.

भोजाच्या मृत्यूविषयीची कथा पंडितांच्या तोंडी आजही असते. कवी कालिदासाकडून आपल्यावरील मरणोत्तर श्लोक ऐकावा अशी भोजाला इच्छा झाली. कालिदासाने नकार दिला, कारण त्याच्या वाणीतून निघालेले खोटे होत नसे. राजा रागावला, कवी राज्य सोडून गेला. काही काळाने भोज योग्याच्या वेषात त्याच्याकडे पोहोचला. ‘कोठून आलात?’ असे कवीने विचारले. ‘धारेहून,’ असे उत्तर मिळाले. राजाचे कुशल विचारताच योग्याने तो वारल्याचे सांगितले. कालिदासाला शोक अनावर झाला आणि त्याच्या तोंडून श्लोक उमटला : नगरीचा आधार गेला, विद्येचा आसरा सुटला, पंडितांचे तेज भंगले, असा त्याचा आशय. श्लोक पूर्ण होताच योगी कोसळला. समोर भोजच होता हे कवीने ओळखले. त्याने तोच श्लोक पुन्हा म्हटला. मात्र अभाव सांगणाऱ्या अक्षरांच्या जागी सदैव असणे सांगणारी अक्षरे घातली. शोक होता तेथे आशीर्वाद झाला आणि राजाने डोळे उघडले.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. कालिदास भोजाच्या किमान पाच शतके आधीचा. परंतु आख्यायिकेचे मोल तिच्या सनावळीत नसते. मराठी घरांत अशुभ बोलू दिले जात नाही. ‘वास्तू तथास्तु म्हणते’ असे थोरली माणसे बजावतात. धारची कथा म्हणजे याच समजुतीचे काव्यमय रूप. मृत्यूचा शब्द उच्चारला की मृत्यू ऐकतो आणि येतो, ही भीती तिच्या मुळाशी आहे. त्याचबरोबर आणखी एक मानवी इच्छा तिच्यात दडलेली आहे. आपल्या मागे आपल्याविषयी काय बोलले जाईल, हे ऐकण्याची ओढ राजालाही सुटली नाही. विलापिका ज्याच्यासाठी रचली जाते, तोच एक माणूस ती कधी ऐकू शकत नाही. भोजाने ती ऐकली आणि तिचे मोल प्राणांनी मोजण्याची पाळी त्याच्यावर आली.

मांडू : विरहाचा झालेला शोक

धारपासून पस्तीसेक किलोमीटरवर असलेल्या मांडूच्या डोंगरी किल्ल्याच्या दक्षिण कड्यावर रूपमतीचा मंडप उभा आहे. खाली निमाडचा सखल प्रदेश पसरलेला दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेची रेघ नजरेस पडते. नर्मदेचे दर्शन घेतल्याखेरीज रूपमती अन्न घेत नसे, अशी लोककथा आहे.

माळव्याचा सुलतान बाजबहादूर हा नामांकित गायक होता आणि रूपमती कवयित्री व गायिका म्हणून प्रसिद्ध होती. १५६१ मध्ये अकबराचा सरदार आदमखान याने माळव्यावर चाल केली. सारंगपूरजवळ बाजबहादूरचा पराभव झाला आणि तो पळून गेला. आदमखानाच्या हाती लागण्याऐवजी रूपमतीने विष घेतले. बाजबहादूर मात्र पुढे बरीच वर्षे जगला. काही काळ भटकंतीत काढून १५७० मध्ये तो अकबराच्या सेवेत रुजू झाला. ‘ऐन-इ-अकबरी’मध्ये अबुल फजलने दिलेल्या दरबारी गायकांच्या यादीत त्याचे नाव आहे.

रूपमतीची कथा अहमद-उल-उमरी याने १५९९ मध्ये फारसीत लिहिली. एल. एम. क्रंप यांनी तिचा इंग्रजी अनुवाद ‘द लेडी ऑफ द लोटस’ या नावाने १९२६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तिच्या नावावरील काव्यरचनाही दिल्या आहेत. प्रीती, दुरावा, वाट पाहणे हे या रचनांचे विषय. विरहपदाच्या परंपरेत प्रियकर परगावी असतो आणि तो परतेल ही आशा शब्दाशब्दांत जागी असते. रूपमती गेल्यानंतर मात्र हीच पदे वेगळी ऐकू येऊ लागली. परतण्याची आशा ज्या ओळींत होती, त्यांतच आता कायमचा वियोग ऐकू येतो. जाणारी ती आणि मागे राहणारा तो, अशी अदलाबदलही झाली. पदांतील एक शब्दही न पालटता त्यांचा अर्थ पालटला. धारच्या आख्यायिकेत चार अक्षरे बदलावी लागली होती. मांडूत तेवढीही गरज पडली नाही.

गावोगावचे मरणगीत

दरबार आणि किल्ले यांपलीकडे या भागातील सामान्य माणसांची मृत्युगीते आहेत. धार जिल्ह्याचा दक्षिण भाग नर्मदाकाठच्या निमाडात मोडतो. निमाडात कोणाचे निधन झाले की ‘मसाण्या’ नावाची गीते सामूहिकपणे गायली जातात. मसण म्हणजे स्मशान. त्यावरून हे नाव. देहाची नश्वरता आणि आत्म्याचे अमरत्व हा त्यांचा विषय. माळव्याच्या बाजूस कबीर, गोरखनाथ आणि इतर निर्गुण संतांच्या नावांची पदे तंबुरा, खंजिरी, झांज यांच्या साथीने गायली जातात. दुःखाच्या घरी रात्र जागवण्यासाठीही हीच पदे कामी येतात.

या पदांत मृताचे नाव नसते. त्याचे गुण, त्याने केलेले उपकार, त्याच्या मागे उघडी पडलेली मुले यांपैकी काहीच नसते. मराठी खेड्यांत बायका हेल काढून, गेलेल्याचे गुण आठवून रडतात. त्या रडण्यात प्रत्येक वाक्य त्या एकाच माणसाचे असते. निर्गुण पद याच्या नेमके उलट वागते. ते शतकानुशतके ठरलेले आहे आणि कोणत्याही घरी तसेच गायले जाते. त्यातील संबोधन ऐकणाऱ्याला उद्देशून असते. ‘हंसा’, ‘साधो’, ‘बंदे’ अशी हाक गायक घालतो, तेव्हा ओसरीवर बसलेला प्रत्येक जण ती हाक आपल्याला आली असे समजतो. जो गेला त्याच्याविषयी बोलण्याऐवजी, जे उरले आहेत त्यांना त्यांच्या स्वतःच्या जाण्याविषयी सांगितले जाते.

पदांतील प्रतिमा ठरावीक आहेत. देह हे मातीचे भांडे, भाड्याचे घर किंवा चार दिवसांनी उठणारा बाजार. मरण म्हणजे मुलीने माहेर सोडून सासरी जाणे. झाडावरून गळलेले पान पुन्हा फांदीला लागत नाही. यमाचे दूतही येतात आणि त्यांच्या येण्यात खरी भीती असते. या साऱ्यांत हंसाची प्रतिमा सर्वांत प्रिय. श्वासाच्या ये-जा करण्यात ‘हं’ आणि ‘स’ हे दोन ध्वनी ऐकण्याची कल्पना योगमार्गात जुनी आहे. त्यामुळे हंस म्हणजे जीव आणि हंस म्हणजे श्वासही. गडकऱ्यांच्या कवितेतील राजहंस आईच्या मांडीवर निजलेला आहे, कारण आई त्याला जाऊ देत नाही. माळव्याच्या पदातील हंस उडून जातो, आणि त्याच्याबरोबर कोणी जाऊ शकत नाही एवढेच पद सांगते.

ही परंपरा आजही जिवंत आहे. मालवी बोलीतील कबीरगायनासाठी प्रल्हादसिंह टिपानिया यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. देवासमध्ये ‘एकलव्य’ या संस्थेने १९९० च्या दशकात ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालवला आणि गावोगावच्या मंडळ्यांना एकत्र बसवले. अमेरिकी अभ्यासक लिंडा हेस यांनी या मंडळ्यांमध्ये दीर्घ काळ काम करून २०१५ मध्ये ‘बॉडीज ऑफ साँग’ हा ग्रंथ लिहिला. मौखिक परंपरेत एकच पद गावागणिक थोडे थोडे बदलते, याची सविस्तर नोंद त्यात आहे.

देवास : मरणाच्या उंबरठ्यावरचा गायक

या निर्गुण पदांना मैफलीत आणि मराठी घरांत पोहोचवण्याचे काम ज्या एका माणसाने केले, तो मुळात देवासला गाण्यासाठी आलाच नव्हता. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली म्हणजेच कुमार गंधर्व यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळील सुळेभावी येथे झाला. बालवयातच त्यांच्या गाण्याने श्रोत्यांना थक्क केले. १९३६ पासून त्यांनी मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे रीतसर शिक्षण घेतले. गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. भेंडीबाजार घराण्याच्या या थोर गायिकेचा वारसा गोमंतकीय वाचकाला या कथेशी थेट जोडतो.

१९४७ मध्ये कुमारांचा विवाह सहाध्यायी भानुमती कंस यांच्याशी झाला आणि त्याच सुमारास त्यांना क्षयरोगाने गाठले. क्षयावर प्रभावी औषध तेव्हा भारतात सहजी उपलब्ध नव्हते. कोरडी हवा आणि पूर्ण विश्रांती हाच उपचार. म्हणून जानेवारी १९४८ च्या अखेरीस हे दांपत्य देवासला आले. कुमारांचे वय तेव्हा तेवीस होते. गाणे पूर्णतः बंद झाले. पाच-सहा वर्षे ते अंथरुणाला खिळून होते आणि सेवाशुश्रूषेसह घराचा सारा भार भानुमतींवर होता. पुढे स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध झाले, प्रकृती सावरली आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. लांब दमाच्या तानांऐवजी छोट्या, लखलखीत स्वरवाक्यांची जी गायकी त्यांनी पुढे उभी केली, तिच्यामागे श्वासाचा हा हिशेब होता.

आजारपणातील त्या वर्षांत गाता येत नव्हते, ऐकता मात्र येत होते. माळव्यातील बायकांची लोकगीते, फेरीवाल्यांच्या हाका, देवीच्या टेकडीखालून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची भजने त्यांच्या कानावर पडत होती. लोकधुनांच्या चिंतनातून त्यांनी पुढे ‘धुनउगम’ राग रचले. संजारी, मालवती, लगनगंधार, सहेली तोडी हे त्यांपैकी काही. जोग्यांच्या गाण्यातून निर्गुणी भजन आले. देवासमध्ये शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तेथे जपल्या गेलेल्या पदांचाही कुमारांनी आधार घेतला. ज्या नाथ परंपरेचा हा ओघ आहे, तिच्याच गहिनीनाथ-निवृत्तिनाथ शाखेतून ज्ञानेश्वर आले, हे मराठी वाचकाने येथे आठवावे. आळंदीच्या समाधीवरचा शोक आणि देवासच्या धुनीवरची निर्भयता ही एकाच कुळातली भावंडे आहेत.

भय आणि त्याचा निरास

निर्गुणी भजन कसे गावे याविषयी कुमारांची भूमिका स्पष्ट होती. सगुण भक्तीच्या पदात गायक देवाशी बोलतो, रुसतो, विनवतो. निर्गुणात समोर कोणी नाही. म्हणून आवाजात आर्जव नको, रडवेपणा नको. स्वर मोकळ्या आकाशात फेकावा तसा फेकला पाहिजे आणि त्याभोवती रिकामी जागा उरली पाहिजे. जोग्याच्या आवाजातील हीच फेक त्यांना मोहवून गेली होती. तंबोऱ्याचा षड्‌ज, साधा ठेका, शब्दांमधील विराम एवढ्यावर त्यांची ही भजने उभी राहतात. लिंडा हेस यांनी कुमारांच्या कबीरगायनावर २००९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाला ‘सिंगिंग एम्प्टिनेस’, म्हणजे शून्याचे गायन, हे नाव दिले ते याच कारणाने.

मरणाची भीती या गाण्यात झाकली जात नाही. यमदूतांचा उल्लेख आला की आवाज क्षणभर करडा होतो. परंतु पुढच्याच आवर्तनात तो त्याच सहजतेने मूळ स्वरावर येतो. भीती सांगितली जाते, ऐकली जाते आणि मागे राहते. सहा वर्षे आपल्या श्वासांवर लक्ष ठेवून पडलेल्या माणसाने हे गावे, हा योगायोग श्रोत्यांना नेहमीच हलवून गेला आहे.

१९६१ मध्ये दुसऱ्या पुत्राच्या जन्मानंतर भानुमतींचे निधन झाले. ज्यांच्या शुश्रूषेने कुमार मरणाच्या दारातून परतले, त्याच आधी गेल्या. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या कुमारांच्या घराचे नाव ‘भानुकुल’ आहे. पुढच्या वर्षी कुमारांचा विवाह वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी झाला. निर्गुणी भजनांच्या ध्वनिमुद्रणांत कुमारांच्या आवाजाला मिळालेला दुसरा आवाज वसुंधराताईंचा आहे.

पत्नीच्या वियोगामुळे कुमारांच्या भजनांत आर्तता आली, असे सरळ गणित मांडण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु ही पदे भानुमतींच्या आधी कित्येक शतके गायली जात होती. कुमारांनी त्यांत स्वतःचे दुःख ओतले नाही. दुःख करणाऱ्या कोणालाही बसता येईल अशी रिकामी जागा त्यांनी त्यांत राखली.

एक गैरसमज आणि त्याचा अर्थ

शब्द आधीचे आणि मरण मागाहूनचे, या न्यायाचे सर्वांत बोलके मराठी उदाहरणही कुमारांच्याच गाण्यात सापडते. कवी अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. त्यांच्या पत्नी कुसुमावती देशपांडे या कथाकार आणि समीक्षक. १९६१ मध्ये ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. ज्या वर्षी देवासचे घर रिकामे झाले, त्याच वर्षी अनिलांचेही झाले.

अनिलांची ‘अजुनी रुसून आहे’ ही कविता कुमारांनी स्वरबद्ध करून गायली. रुसलेले प्रिय माणूस काही केल्या बोलत नाही, एवढाच तिचा प्रसंग. मात्र महाराष्ट्रात आणि गोव्यात एक समज घट्ट बसला आहे की कुसुमावतींच्या निधनानंतर, त्यांच्या निश्चल देहाकडे पाहून अनिलांनी ती लिहिली. वास्तविक ही कविता कुसुमावतींच्या हयातीतली आहे. ती खऱ्याखुऱ्या रुसव्याची, म्हणजे दोघे जिवंत असताना होणाऱ्या अबोल्याची कविता आहे.

समज चुकीचा आहे हे सांगितल्यावरही तो मागे हटत नाही, आणि त्याला कारण आहे. संथ चालीत, शब्दाशब्दांपुढे थांबत कुमार ही कविता गातात, तेव्हा उत्तराची वाट पाहण्याची जागा इतकी मोठी होते की ते उत्तर कधीच येणार नाही असे वाटू लागते. ज्यांचे कोणी गेले आहे त्यांना तेथे आपल्या माणसाचे मौन ऐकू येते. रूपमतीच्या विरहपदांचे जे झाले, तेच येथे झाले. कवीने रुसवा लिहिला, गायकाने शांतता दिली आणि श्रोत्यांनी त्यात आपापले मृत आणून ठेवले. या गैरसमजात माहिती खोटी असली तरी दुःख खरे आहे.

ज्याचे त्याला

१२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे कुमार गंधर्वांचे निधन झाले. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी एकट्याने उडून जाणाऱ्या हंसाचे पद गायले होते. आता श्रोत्यांनी तेच पद त्यांच्यासाठी ऐकले. त्यांच्यावर नवे शोकगीत रचले गेले नाही असे नाही. हिंदी कवी अशोक वाजपेयी यांचा ‘बहुरि अकेला’ हा संग्रह त्यांच्याच स्मरणातून आला. परंतु सामान्य रसिकाला वेगळ्या गीताची गरज भासली नाही. गायकाने आपला मृत्युलेख आपल्याच आवाजात आधी ठेवून दिला होता. भोजराजाला जे ऐकण्याची ओढ होती, ते कुमारांनी आयुष्यभर स्वतः गायले; फरक इतकाच की त्यात त्यांचे नाव नव्हते, म्हणून ते ऐकून कोणी कोसळले नाही.

धारच्या कथेतील भीती आणि देवासच्या भजनातील निर्भयता यांच्यातील अंतर हे आहे. मृत्यूचा शब्द एका विशिष्ट माणसाला चिकटला की तो शाप वाटतो. तोच सर्वांना उद्देशून म्हटला की सोबत वाटू लागतो. शोकात माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. एक, गेलेला माणूस कोण होता हे कोणीतरी म्हणावे. ते काम नामदेवांचे अभंग करतात, गुण आठवून रडणाऱ्या बाया करतात. दुसरी, हे आपल्या एकट्यावर आलेले नाही हे कळावे; ते काम निर्गुण पद करते. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

कुमारांची जन्मशताब्दी २०२४ मध्ये झाली. कन्या कलापिनी आणि नातू भुवनेश हे देवासच्या घरातून तीच परंपरा पुढे गात आहेत. गोव्यातही एखाद्या घरी कोणी गेल्यानंतरच्या दिवसांत, बोलणी थांबलेली असताना, सकाळी हळू आवाजात निर्गुणी भजने लावली जातात. त्या घरातील माणूस कोण होता हे त्या ध्वनिमुद्रणाला ठाऊक नसते. ऐकणाऱ्यांना ते ठाऊक असते आणि पदातील रिकाम्या जागी ते नाव मनातल्या मनात घालतात.